एकेचाळीस खुर्च्यांवर एकच अण्णा

पाणीपुरवठ्याच्या त्या कचेरीत त्यांना सगळे वायरकाका म्हणत. नोकरीच्या कागदावर अजूनही 'वायरमन' असंच लिहिलेलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी काका आले ते खांद्यावर वायरचं भेंडोळं घेऊन, पंख्यांची जोडणी करायला. मग टेलिफोन आले, त्यांच्या तारा काकांनीच ओढल्या. मग कॉम्प्युटर आले. कंत्राटदाराच्या माणसांनी खोकी उघडली, चार बटणं दाबून दाखवली आणि ते निघून गेले. दुसऱ्याच दिवशी पहिलं यंत्र रुसलं तेव्हा सगळ्यांनी काकांना हाक मारली, कारण यंत्राच्या पाठीमागून वायर निघत होती. वायर आली की काका आलेच, इतका सरळ तो विचार होता.

काकांनी त्या दिवशी "मला यातलं कळत नाही" असं म्हटलं असतं तर त्यांना कोणी फासावर दिलं नसतं. पण काही माणसांच्या तोंडात 'कळत नाही'च्या आधी 'बघतो' येतं, त्याला इलाज नाही. बघता बघता काका शिकले. रविवारच्या वर्गाला बसले, चष्म्याचा नंबर वाढवून घेतला, बायकोने टाकून दिलेल्या रजिस्टरांच्या कोऱ्या पानांवर टिपणं काढली. आता कचेरीच्या तीन मजल्यांवर बेचाळीस कॉम्प्युटर होते आणि सगळ्यांच्या वायरी जिन्याखालच्या एका खोलीत येऊन मिळत. पूर्वी तिथे झाडू ठेवत. म्हणून त्या खोलीला, आत सर्व्हर आला, एसी आला, दाराला कुलूप आलं, तरी सगळे झाडूंची खोलीच म्हणत. पगारही बहुतेक तेच बघून देत असावेत.

त्या कचेरीत एक जुनी खोड होती आणि आपली गोष्ट तिथूनच सुरू होते. अधिकार माणसाला नव्हता, यंत्राला होता. पहिल्या मजल्यावर खिडकीपाशी जे यंत्र होतं त्यावर नव्या नळजोडणीचे अर्ज उघडत. त्याच्या शेजारच्या यंत्रावर तक्रारी. दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यात एक यंत्र होतं, त्यावर गावभरच्या जमिनीखालच्या नळांचे नकाशे. त्या खुर्चीवर जो बसेल त्याला ते दिसणार. मग तो इंजिनियर असो की पंखा दुरुस्त करायला आलेला माणूस. त्यामुळे दिवसभर "जरा उठता का?" चाललेलं असे. अर्जांच्या यंत्रावर बसणारे गृहस्थ तर दिवसातला निम्मा वेळ आपल्याच खुर्चीच्या मागे उभे असत. त्यांना पायांच्या शिरांचा त्रास होता आणि तो कुठून आला हे डॉक्टरांना शेवटपर्यंत कळलं नाही.

कोपऱ्यातल्या नकाशांच्या यंत्रावर बावीस वर्षं एकच बाई बसत आल्या होत्या. त्यांना नकाशाताई म्हणत. आधी कागदाचे नकाशे होते तेव्हाही त्याच, आणि नकाशे पडद्यावर आले तेव्हाही त्याच. कुठल्या गल्लीत कुठला नळ किती खोल आहे, कुठला व्हॉल्व्ह कुणाच्या ओट्याखाली गाडला गेलाय, हे त्यांना आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखं ठाऊक. त्यांचा एक स्वभाव होता. कुठलाही कागद त्या पूर्ण वाचत, तळाची बारीक अक्षरंसुद्धा, आणि त्यात सांगितलं असेल तसंच करत. पुष्कळांना त्याचा वैताग येई.

तर या ताई घरी पडदे बदलायला स्टुलावर चढल्या आणि पडल्या. मांडीच्या हाडात सळई घालावी लागली. तीन महिन्यांनी काठी टेकत त्या कामावर आल्या तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी सोबत होती: जिना चढणं कायमचं बंद. आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. ताईंना तळमजल्यावर चौकशीच्या खिडकीत बसवलं. बावीस वर्षं गावाचं पोट ओळखणारी बाई आता लोकांना "फॉर्म दोन प्रतींत भरा" एवढंच सांगत होती. वरून फोन येई, "ताई, अमक्या रस्त्याची फाइल कुठे आहे?" ताई खालून सांगत, वरच्याला सापडत नसे, पुन्हा फोन. फोन ठेवल्यावर त्या थोडा वेळ समोरच्या फॉर्मांच्या गठ्ठ्याकडे बघत बसत. वायरकाकांनी हे दोन-तीनदा पाहिलं आणि त्यांना ते बघवेना.

"खालच्या यंत्रालाच नकाशे देऊन टाका," असं कुणालाही सुचेल. तेही एकदा झालं होतं. वरच्या मजल्याला रंग लावला तेव्हा आठवडाभर चौकशीच्या यंत्रावर नकाशे दिले होते. त्या खिडकीत पाळीपाळीने चारजण बसत. कुणाच्या तरी हाताने माउस सरकला, एक नळ नकाशावर पलीकडच्या गल्लीत गेला आणि तसाच जतन झाला. महिन्याने तिथे खणलं. नळ सापडला नाही. टेलिफोनची मोठी केबल मात्र सापडली, आणि सापडली तेव्हा दोन तुकड्यांत होती. त्यानंतर कचेरीने कानाला खडा लावला.

मोठ्या मॅडम चार महिन्यांपूर्वी बदलून आल्या होत्या. बाई कडक, पण आकसाची नव्हे. त्यांनी काकांना आणि ताईंना केबिनमध्ये, म्हणजे ताईंना जिना चढता येत नाही म्हणून तळमजल्याच्या व्हरांड्यातच, समोर बसवून सांगितलं, "नकाशांना माणूस हवा आणि तो वर बसणारा हवा. ताईंची मला कदर आहे, पण मी त्यांना चौकशीवर फुकट घालवू शकत नाही. गावाबाहेरच्या गोदामात तळमजल्यावर जागा आहे. बदलीचा कागद टाइप झालाय. पहिल्या तारखेला सही करीन."

गोदाम म्हणजे दोन बस बदलून, वर अर्धा तास चालणं. काठी टेकत. चार वर्षं राहिली होती ताईंच्या नोकरीची. त्यांनी फक्त पदर नीट केला. बोलले ते काका. आणि बोलले तेही सवयीनं, "मी बघतो."

घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला. त्यांची बायको पुढच्या खोलीत शिवणकाम करत असे. समोर कापड पसरून ती खडूने खुणा करत होती.

"काय झालं? यंत्र रुसलं की माणूस?" तिने विचारलं.

काकांनी सगळं सांगितलं. यंत्राला अधिकार, खुर्चीला अधिकार, ताईंचा पाय. "एक उपाय आहे अगं," ते म्हणाले, "पुस्तकात वाचलंय, करूनही बघितलंय थोडं. अधिकार यंत्राला द्यायचेच नाहीत, माणसाच्या नावाला द्यायचे. ताई कुठेही बसल्या, आपलं नाव घालून आत शिरल्या, की नकाशे तिथे हजर. त्या उठल्या की नकाशेही गेले. दुसरा बसला तर त्याला त्याचंच दिसणार. पण हे मॅडमना समजावू कसं? मी बोलायला लागलो की लोक जांभया देतात."

"त्यात समजवायचंय काय?" तिने दातात धरलेली टाचणी काढली. "माप माणसाचं घेतात, खुर्चीचं नाही. तुम्ही इतकी वर्षं खुर्चीला झगे शिवलेत आणि म्हणताय बसत का नाहीत."

दुसऱ्या दिवशी काकांनी मॅडमसमोर हेच वाक्य जसंच्या तसं म्हटलं, आणि खरं सांगायचं तर ते आपलंच असल्यासारखं म्हटलं. मॅडम हसल्या. "महिनाअखेरच्या सोमवारपर्यंत करा," त्या म्हणाल्या. "जमलं तर ताई इथेच. नाही जमलं तर मला सहीशिवाय मार्ग नाही."

काका वही घेऊन टेबलाटेबलाशी फिरले. "तुम्हाला कामासाठी काय काय उघडावं लागतं?" एवढाच साधा प्रश्न. पण अधिकार वाटायला निघालेल्या माणसाला काय काय ऐकावं लागतं! तक्रारी लिहिणारे म्हणाले, "सगळंच द्या, कधी काय लागेल सांगता येत नाही." टपाल बघणाऱ्या बाई म्हणाल्या, "मला काहीच नको. पण शेजारचीला जे द्याल ते मलाही द्या." एक सिनियर क्लार्क तर रुसूनच बसले, वीस वर्षांच्या नोकरीनंतर आपल्याला काही गोष्टी दिसणार नाहीत हा त्यांना अपमान वाटला. काकांनी विचारलं, "तुम्ही नकाशा शेवटचा कधी उघडला होता?" ते म्हणाले, "कधीच नाही. पण उघडता येतो हे माहीत होतं ना!" काकांनी कुणाशी वाद घातला, कुणाला चहा पाजला, आणि वही भरली. शेवटच्या पानावर आपलं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'नकाशे: नाही'. काकांना नकाशांत काही काम नव्हतं. सर्व्हर त्यांच्याच हातात, ठरवलं तर दोन मिनिटांत आपल्याला सगळं देऊ शकले असते. पण वाढप्याने आपल्या पानात जरा जास्त वाढून घ्यावं, ते त्यांना जमलं नसतं.

मग झाडूंच्या खोलीत बसून त्यांनी गट बांधले. अर्जांचा गट, तक्रारींचा गट, नकाशांचा गट. नकाशांच्या गटात ताई आणि तीन इंजिनियर. ज्याचं नाव कुठल्याच गटात नाही त्याला फक्त कोरा पडदा आणि घड्याळ. दोन खोटी नावं तयार करून तिन्ही मजल्यांवर बसून पाहिलं, सगळं चोख. रविवारी दुपारी त्यांनी नियम लावून दिले आणि घरी जाऊन शांत झोपले. मला विचाराल तर माणसाने इतकं शांत झोपू नये.

सोमवारी सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना पहिला फोन आला. मग दुसरा. मग काकांनी फोन उचलायचंच सोडलं, कारण आवाज आता जिन्यावरूनच ऐकू येत होते. अर्ज नाहीत. तक्रारी नाहीत. प्रिंटर नाही. सगळ्यांना कोरा पडदा आणि घड्याळ. "निदान वेळ तरी बरोबर दाखवतंय," कोणीतरी म्हणालं. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी स्वतःचं नाव घालून पाहिलं, त्यांचं सगळं ठीक. खोटी नावं घालून पाहिली, तीही ठीक. मग त्यांनी सर्व्हरवर आत्ता कोण कोण आत आलंय त्याची यादी उघडली.

पहिल्या यंत्रावर: अण्णा. दुसऱ्या यंत्रावर: अण्णा. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या यंत्रावर अण्णा. काकांनी यादी खाली सरकवली. अण्णा, अण्णा, अण्णा. वर्षापूर्वी निवृत्त झालेले हेडक्लार्क अण्णा त्या सकाळी कचेरीभर बसलेले होते.

आता यात कुणाची लबाडी नव्हती, फक्त सवय होती. कॉम्प्युटर आले तेव्हा प्रत्येक यंत्रावर एकच नाव घातलेलं होतं, अण्णांचं, कारण ते हेडक्लार्क. पासवर्ड होता त्यांच्या जुन्या स्कूटरचा नंबर. सुरुवातीला अण्णा रोज सकाळी स्वतः फिरून एकेक यंत्र उघडून देत. मग त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि त्यांनी नंबर सगळ्यांना सांगून टाकला. स्कूटर केव्हाच भंगारात गेली, नंबर मात्र सगळ्या कचेरीला आपल्या जन्मतारखेपेक्षा पक्का पाठ होता. गेल्या वर्षी सर्व्हर आला तेव्हा काकांनी प्रत्येकाला आपापलं नाव आणि पासवर्ड बंद चिठ्ठीत घालून दिला होता. काम अडू नये म्हणून अण्णांचं नाव 'थोडे दिवस' चालू ठेवलं. लोकांनी चिठ्ठ्या घेतल्या, "छान छान" म्हणाले आणि ड्रॉवरमध्ये टाकल्या. त्या थोड्या दिवसांचं वर्ष झालं. आणि वहीत अण्णांचं नाव नव्हतं, निवृत्त माणसाला अधिकार कोण देतं?

काकांनी कपाळाला हात लावला. काय उघडता ते प्रत्येकाला विचारलं होतं. कोण म्हणून उघडता, हे एकालाही विचारलं नव्हतं.

दारात मोठ्या मॅडम उभ्या होत्या. "माझ्याकडेही काही नाही," त्या म्हणाल्या.

"मॅडम, तुम्ही पण अण्णा?"

मॅडम जरा चपापल्या. "मला पहिल्या दिवशी हेच नाव सांगितलं गेलं. मला वाटलं, इथली पद्धत असेल." मग सावरून त्यांनी विचारलं, "यावर पटकन काय करता येईल?"

पटकन करता येण्यासारखं एक होतं आणि ते काकांना ठाऊक होतं. अण्णांचं नाव उचलून सगळ्या गटांत टाकायचं. दोन मिनिटांत कचेरी सुरू. लोक खूश, मॅडम खूश, वायरकाकांची वाहवा. मॅडमनीच ते बोलून दाखवलं, "त्या अण्णांनाच सगळे अधिकार देऊन टाका ना."

काकांचा हात माउसवर होता. खोटं कशाला सांगू, बोट दाबायला आलेलं होतं. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्यामुळे कचेरी कधी बंद पडली नव्हती, आणि बाहेरून येणारा प्रत्येक आवाज त्यांना शरमेनं भाजत होता. मग त्यांना फॉर्मांच्या गठ्ठ्याकडे बघणाऱ्या ताई आठवल्या.

"देता येतील," ते म्हणाले. "पण मग चौकशीच्या यंत्रावर कोणीही अण्णा होऊन बसेल आणि नकाशे उघडेल. तसं असेल तर मला तिथे नकाशे देताच येणार नाहीत. केबल पुन्हा तुटेल. ताईंना जावं लागेल. मॅडम, मला थोडा वेळ द्या. प्रत्येकाला आपल्या नावाने आत आणतो. पासवर्ड इथून पुसून टाकतो, नवा ज्याचा त्याने घालायचा. माणशी दोन मिनिटं."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. सव्वादहा. "बारापर्यंत. बाहेर लोक खोळंबलेत, काका. बारा वाजता सगळं जुनं पुन्हा चालू करायचं आणि मी त्या कागदावर सही करीन. तुमच्यावर राग नाही माझा, पण कचेरी चालली पाहिजे."

काका दुसऱ्या मजल्यावरून सुरू झाले. लोकांना वाटतं दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं. तक्रारवाल्यांनी आपलं नाव टाइप करायलाच तीन घेतली. इतकी वर्षं अण्णांचं नाव लिहून बोटं तिकडेच वळत होती. कुणाची बंद चिठ्ठी टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली निघाली, कुणाची काचेखाली, देवासारखी. "स्वतःचं असं काहीतरी घाला, जे दुसऱ्याला माहीत नाही," काका सांगत. सिनियर क्लार्क पाच मिनिटं विचार करत बसले. शेवटी म्हणाले, "माझ्याबद्दल दुसऱ्याला माहीत नाही असं काहीच नाही हो. मी अण्णाच बरा होतो."

"तुमच्या मनात साहेब व्हायचंय ना, ते घाला," काका म्हणाले. क्लार्क इतके लाजले की बाजूच्या टेबलावरच्या बाईंना हसू आवरेना. पण त्यांनी काहीतरी घातलं, एंटर दाबलं आणि पडद्यावर त्यांचे अर्ज आले. वर कोपऱ्यात त्यांचं नाव. त्यांनी चष्मा वर करून ते नाव पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. "पूर्ण नाव आलंय," ते हळूच म्हणाले.

हे पुढेही होत राहिलं आणि काकांना आधी त्याची कल्पना नव्हती. कुरकुरत बसलेली माणसं आपलं नाव पडद्यावर बघून जरा ताठ बसत होती. टपालाच्या बाईंनी तर शेजारणीला बोलावून दाखवलं. काकांना क्षणभर फार बरं वाटलं. मग घड्याळाकडे लक्ष गेलं आणि ते पुढच्या टेबलाकडे धावले.

बाराला सात मिनिटं कमी होती तेव्हा वरचे दोन्ही मजले झाले होते. पस्तीस. तळमजल्यावर सहा यंत्रं राहिली होती. काका जिना उतरत होते तर मॅडम मागून उतरत होत्या, हातात ती बदलीची फाइल. सात मिनिटांत सहाजण होत नाहीत, हे गणित रविवारच्या वर्गाला न जाताही येतं.

चौकशीच्या खिडकीशी नकाशाताई फोनवर बोलत होत्या. एका चौकात मोठा नळ फुटला होता, दुरुस्तीची माणसं गुडघाभर पाण्यात उभी होती. वर फोन लावला तर वरचे इंजिनियर आपापले पासवर्ड शोधण्यात गुंतलेले. म्हणून त्यांनी थेट चौकशीचा नंबर फिरवला होता.

"औषधाच्या दुकानाकडे तोंड करा," ताई सांगत होत्या. "दिव्याच्या खांबापासून डावीकडे सात पावलं. फरशीखाली आहे व्हॉल्व्ह. नाही, आठ नाही, सातच. आणि उलटा फिरतो तो, लक्षात ठेवा, नाहीतर तोडून बसाल." थोडा वेळ त्या ऐकत राहिल्या. "बंद झालं? बरं. पाय कोरडे करा आता."

त्यांनी फोन ठेवला. मॅडमनी विचारलं, "इतकं पाठ आहे तुम्हाला?"

"पाठ आहेच," ताई म्हणाल्या. "पण नुसत्या पाठांतरावर मी कधी सांगत नाही. बघून सांगितलं." आणि त्यांनी पडदा जरासा वळवला.

पडद्यावर तो चौक होता. औषधाचं दुकान, खांब, निळी जाड रेघ आणि तिच्यावर व्हॉल्व्हची लाल खूण. काका आणि मॅडम दोघंही बघत राहिले.

"हे कधी उघडलंत?" काकांनी विचारलं.

"दहा वाजता. आल्या आल्या."

"अण्णांच्या नावाने नाही आलात?"

"मी कशाला अण्णा होऊ?" ताईंना प्रश्नच कळला नाही. "मला माझं नाव नाहीय का? गेल्या वर्षी तुम्ही चिठ्ठी दिली होती ना भाऊ, तिच्यावर तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'आजपासून हेच नाव वापरावे'. मी वापरते. सकाळी नाव घातलं, नकाशे दिसले, कामाला लागले. वर कसला गोंधळ चाललाय म्हणून विचारणार होते, पण जिना चढता येत नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सकाळच्या यादीत एकेचाळीस अण्णांच्या तळाशी एकच वेगळं नाव होतं. घाबरलेल्या काकांनी तिथवर यादी सरकवलीच नव्हती. ते जवळच्या बाकावर बसले. डोळे भरून आले होते ते त्यांनी चष्मा पुसण्याच्या निमित्ताने पुसले आणि निमित्त कुणालाही पटलं नाही.

बाराचा भोंगा झाला. मॅडमनी हातातल्या फाइलकडे पाहिलं, मग ती काखेत मारली. "ही बंद करायला सांगते," त्या म्हणाल्या. "ताई इथेच बसतील. उरलेले जे पाच असतील ते जेवणानंतर करा, काका."

"पाच नाही मॅडम, सहा." काका उठले. "तुमचं राहिलंय."

"मग वर चला."

"वर कशाला? इथेच बसा की."

मॅडम शेजारच्या रिकाम्या यंत्रावर बसल्या. काकांनी सांगितलं तसं आपलं नाव लिहिलं, नवा पासवर्ड दोनदा घातला. आणि त्या तळमजल्याच्या, कोपरे झिजलेल्या टेबलावर त्यांच्या केबिनमधल्या फाइली, त्यांचा प्रिंटर, सगळं ओळीने हजर झालं. त्यांनी काही क्षण ते पाहिलं. "माप माणसाचं," त्या पुटपुटल्या. काकांनी तेवढ्यात प्रामाणिकपणे सांगून टाकलं, की ते वाक्य बायकोचं आहे.

दुपारी सगळे झाले तेव्हा काकांनी अण्णांच्या घरी फोन लावला. त्यांचं नाव बंद करायच्या आधी त्यांना सांगणं काकांना बरं वाटलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी वर्षभर कामावर येत होतो म्हणा की," ते म्हणाले. "एकेचाळीस खुर्च्यांवर! इथे घरात एक धड खुर्ची मिळत नाही मला, नातवंडं बसलेली असतात." मग हसता हसता थांबले. "बंद करा, काका. थकलो मी. आता बसू द्या मला घरी."

काकांनी नाव बंद केलं आणि झाडूंच्या खोलीला कुलूप लावून चौकशीकडे आले. चौकशीची खुर्ची रिकामी होती. मग त्यांना काठीचा आवाज ऐकू आला.

ताई खिडकीपासून दुसऱ्या यंत्राशी उभ्या होत्या. त्यांनी उभ्या उभ्याच आपलं नाव घातलं. नकाशा आला. त्यांनी तो बंद केला, काठी टेकत तिसऱ्या यंत्राशी गेल्या, पुन्हा नाव घातलं. आला. मग चौथ्या. तळमजल्यावर जेवढी यंत्रं होती तेवढी त्यांनी एकेक करून पाहिली. शेवटचं यंत्र अंगणाच्या दाराशी होतं, तिथे ऊन येत होतं. तिथे मात्र त्या खुर्ची ओढून बसल्या आणि काठी भिंतीला टेकवली.

"ताई, सगळीकडे येणार तो," काका म्हणाले. "तपासायला नको."

"तपासत नाहीय मी," ताई म्हणाल्या. पडद्यावर गावभरच्या निळ्या रेघा उमटत होत्या. "बावीस वर्षं मी याच्या मागे जिने चढले, भाऊ. आज जरा त्याला माझ्या मागे फिरवतेय."